गृहपाठ झाला!

विद्यार्थीमित्रहो, रात्रीचे पावणेअकरा वाजले आहेत, उद्या मराठीची वही द्यायची आहे आणि वर्गाच्या ग्रुपवर एका मैत्रिणीचा मेसेज पडला आहे: "'मी चिंच खाल्ली' हा कर्मणी कसा काय? कर्तरी नाही का?"

घाबरू नका. "कर्मणीच आहे, लिहून टाक" एवढं कळवा, पानाचा फोटो पाठवा आणि झोपा. तिच्या 'कसा काय'ला मात्र चुकूनही हात लावू नका.

लावला तर काय होतं, ते मी परवा सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या जिन्यात पाहिलं. दहावीतली दोन मुलं वह्या मांडीवर घेऊन बसली होती. मुलानं क्लासची किल्ली म्हणून दाखवली: कर्त्याला प्रत्यय नसला की कर्तरी, कर्त्याला 'ने' आणि कर्म मोकळं असलं की कर्मणी, दोघांनाही प्रत्यय असला की भावे. मुलगी म्हणाली, "मग 'मी'ला 'ने' कुठाय?" सुज्ञ मुलानं इथे "सर म्हणाले म्हणून" असं म्हणून वही मिटली असती. हा पठ्ठ्या शब्द बदलून बघायला लागला. त्यानं चिंच खाल्ली, तिनं चिंच खाल्ली, मी चिंच खाल्ली. क्रियापद ढिम्म. चिंचेच्या जागी आंबा आणला, तर लगेच 'खाल्ला'! म्हणजे क्रियापद चिंचेचं ऐकतंय, खाणाऱ्याला विचारतंय कोण? तेवढ्यात मुलीला आठवलं की गावाकडची आजी "म्या खाल्ली" म्हणते. आजीच्या तोंडी तृतीया उघड दिसते, आपल्या 'मी'त ती लपून बसते.

वीस मिनिटं गेली. तेवढ्यात बाकीच्यांचं अख्खं पान उतरवून झालं होतं. आणि या दोघांना आता जन्मभर कर्मणी प्रयोग विसरता येणार नाही.

समासाचं तर नावच काढू नका. जिना उतरून ही जोडी वडापाव खायला गेली आणि तिथे 'वडापाव'चा विग्रह निघाला. वडा आणि पाव, म्हणून इतरेतर द्वंद्व, असं एकाचं म्हणणं. दुसरी म्हणे, पुरण भरलेली पोळी ती पुरणपोळी, तसा वडा घातलेला पाव तो वडापाव, म्हणजे मध्यमपदलोपी. मग मिसळपाव? तिथे पाव बशीत वेगळा असतो, म्हणून द्वंद्व! गाडीवाल्यानं पावात वडा कोंबायचा हात थांबवून विचारलं, "वेगळा देऊ का?" अशानं शिक्षणाचा वेळ वाया जातो.

उताऱ्याचं काम सोपं आहे. तो वाचायचा नसतो. आधी प्रश्न बघायचा, त्यातला एखादा ठसठशीत शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचं वाक्य उचलायचं. आकृत्यांच्या चौकटी अशाच भरतात. अडचण येते ती 'स्वमत'पाशी, कारण तिथे मत लागतं. पण ग्रुपमध्ये कोणाकडे तरी ते असतंच. मला माहीत असलेल्या एका वर्गात एका मुलीनं लिहिलं होतं, "मला लेखकाचे म्हणणे पटत नाही." फोटो काढताना 'नाही'वर अंगठा आला. निम्म्या वर्गानं "मला लेखकाचे म्हणणे पटत" एवढंच लिहून पूर्णविराम दिला. हुशार होते त्यांनी वाक्य दुरुस्त करून "पटते" केलं आणि खाली न पटण्याची चारही कारणं जशीच्या तशी उतरवली. (आमच्या वेळी वही मागायला सायकल हाणत नारायण पेठेत जावं लागे, वर मैत्रिणीच्या आईच्या हातचे पोहे खाताना "अभ्यास कसा चाललाय?" याला तोंड द्यावं लागे. त्या भीतीनं निम्मा गृहपाठ आम्ही स्वतःच करायचो. तंत्रज्ञानानं ही हेळसांड थांबवली.)

उतरवलेली वही स्वतःची वाटावी म्हणून तिच्यात दोन चुका आपल्या घालाव्यात. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली, १९७२ साली आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. म्हणजे मोडायला जागा भरपूर आहे. नवशिक्यांनी 'की' ऱ्हस्व काढून सुरुवात करावी. फक्त त्या वहीचा फोटो पुढे पाठवू नये, नाहीतर सकाळपर्यंत चाळीस वह्यांत तीच 'कि' उगवते आणि बाईंना न बोलता सगळा वंशवृक्ष कळतो.

तरी बाईंनी उभं करून विचारलंच, "गृहपाठ केलास का?" तर "मी केला" म्हणू नका. तो कर्मणी प्रयोग. क्रियापद तुमचं ऐकत नसलं तरी वाक्यात 'मी' उभा राहतो आणि बाई त्यालाच धरतात. खाली मान घालून "झाला, बाई" म्हणा. शुद्ध कर्तरी प्रयोग, आणि कर्ता? गृहपाठ.