अ‍ॅम्प ऐकायला शनिवारी दुपारीच जा

महागडा इंटिग्रेटेड (स्पीकर वाजवायला लागणारं सगळं एकाच डब्यात असलेला) अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं मनात आलंय? अभिनंदन. मी गेल्याच महिन्यात घेतला, त्यामुळे माझ्या ताज्या अनुभवाचा लाभ तुम्हाला फुकट मिळतोय. मला तो साडेतीन लाखांना पडला.

आधी वेळ नीट निवडा. शनिवारची दुपार उत्तम. दुकानात गर्दी असते, एसी जोरात चालू असतो आणि त्या घरघरीत अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकू येत नाही. जे ऐकू येत नाही त्याबद्दल विचारायचं कशाला? ती गुणगुण घरी भेटते, रात्री पंखा बंद केल्यावर. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर शंभर हर्ट्झला गुणगुणतो, म्हणजे पेटीतल्या पांढरी पाचच्या किंचित वर. लाइनीत जरा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, शिरला की टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर आणखी खुलतो. आमच्याकडे शेजारच्या वहिनींनी हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर लावला की आमचा अ‍ॅम्प आपला षड्ज धरून बसतो. तानपुऱ्याशी तो जुळत नाही एवढीच काय ती अडचण.

स्वतःचं गाणं नेऊ नका. दुकानात त्या अमेरिकन बँडचं ते लाइव्ह गाणं असतंच. टाळ्या, गिटार, मग तो ढोल. कुठलं ते तुम्हाला माहीत आहे, 'हॉटेल कॅलिफोर्निया'. त्यानंतर ती जॅझवाली बाई. मी अडाण्यासारखा पेन ड्राइव्हवर किशोरीताईंचा एक विलंबित घेऊन गेलो होतो. विक्रेत्या मुलाने मोजून बारा सेकंद ऐकला आणि म्हणाला, "सर, रेकॉर्डिंग जुनं आहे, यात सिस्टीमला न्याय मिळत नाही." खरंच आहे. एवढ्या किमतीच्या यंत्राला न्याय मिळाला पाहिजे, गाण्याचं काय एवढं.

स्वतःचे स्पीकरही नेऊ नका. दुकानातल्या नऊ लाखांच्या जोडीवर काहीही छान वाजतं. तुमच्या स्पीकरवर आठ ओहम लिहिलंय आणि खर्जात ते तीन ओहमपर्यंत घसरतात आणि भार वाढवतात, हे अ‍ॅम्पला लग्नानंतर कळू दे.

वॅट भरपूर घ्या. शंभराऐवजी दोनशे घेतलेत की दुप्पट पैशांत तीन डेसिबल, म्हणजे कानाला थोडासाच जास्त आवाज, मिळतो. १९७८ सालच्या एनएडी ३०२० या अ‍ॅम्पवर वीसच वॅट लिहिलेले असत आणि लोक त्यावर खुशाल गाणी ऐकत. बिचारे.

क्लास ए, म्हणजे गप्प असतानाही तापणारा, घेतलात तर एप्रिलमध्ये पुण्यात हॉलला हीटरची जी उणीव भासते तीही भरून निघेल.

तुलना करायचीच असेल तर ती विक्रेत्याच्या हातून करा. आधी तो स्वस्तातला लावेल, मग महागडा, आणि मधे त्याचा अंगठा रिमोटवर हळूच एकदा पडेल. एखाद्या डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. खर्ज भरदार होतो, आवाज खुलतो. आवाज कमी केला की कानाला खर्ज जास्त कमी ऐकू येतो हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय, पण तुम्ही मल्टीमीटर नेऊ नका. स्पीकरच्या टर्मिनलवर दोन्ही अ‍ॅम्पचा व्होल्टेज सारखा करून मग ऐकवा म्हणालात, तर चहा यायचा बंद होईल.

आणि घरी आणल्यावर आवडला नाही, तर दोनशे तास वाजवा. बर्न-इन व्हावा लागतो म्हणे, म्हणजे वाजून वाजून मुरावा लागतो. मी रोज दोन तास ऐकतो, म्हणजे शंभर दिवस. बदलून मिळायची मुदत सात दिवस.

आता व्हॉल्यूमच्या बटणाबद्दल. ते दुकानात बघायचंच नाही. दिसायला सुंदर असतं, अ‍ॅल्युमिनियमच्या सबंध ठोकळ्यातून कोरलेलं, हाताला गार लागणारं. विक्रेता ते घड्याळातल्या दहाच्या काट्यावर नेतो (सात म्हणजे शून्य), खोली दणाणते, तुम्ही मान डोलावता. आठच्या काट्यावर काय होतं हे विचारणारा माणूस दरिद्री समजावा.

मी विचारलं नाही. माझं ऐकणं रात्री अकरानंतरचं. आई पलीकडच्या खोलीत झोपलेली, खालच्या मजल्यावर तान्हं बाळ, आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चोवीस तास जागा. डॅकमधून, म्हणजे डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणाऱ्या डबीतून, दोन व्होल्ट येतात. अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीने वाजायला पाव व्होल्ट पुरतो. म्हणजे आठपट जास्तीचा माल दारात उभा आणि तो अडवायला एकटं ते बटण. मग त्याचा सगळा संसार सात ते आठच्या काट्यामध्ये. सातवर शांतता, सव्वासातवर किशोरीताई फक्त डाव्या स्पीकरमधून, कारण बटणामागच्या पोटेन्शिओमीटरचे (आवाज कमीजास्त करणाऱ्या भागाचे) डावा-उजवा असे दोन ट्रॅक सुरुवातीच्या त्या टोकाला एकमेकांशी जुळतच नाहीत. साडेसातला दोन्ही बाजू येतात आणि आईही येते. रिमोटने करावं तर आत मोटर आहे. एकदा दाबलं की बटण गर्रकन पुढे, पुन्हा दाबलं की थेट शून्य. साडेतीन लाखांच्या यंत्राचा आवाज कमी करायला मी रोज रात्री जमिनीवर उकिडवा बसून, श्वास रोखून, बोटाच्या पेराने ते बटण ढकलतो. वडिलांच्या जुन्या अ‍ॅम्पवर बॅलन्सचं बटण होतं, लाउडनेसचं होतं, हळू आवाजातही डग्गा ऐकू यायचा. यावर यातलं काही नाही. सिग्नल शुद्ध राहायला हवा ना! काय डोंबलाचं शुद्ध, जर अर्धी बाई डावीकडे गातेय?

दुकानात फोन केला. उत्तर आलं, "सर, हा अ‍ॅम्प एवढ्या हळू ऐकायचा नाहीये." म्हणजे चूक माझी. मी फ्लॅटमध्ये राहतो, माझी आई झोपते, ही माझी चूक. उपाय शेवटी मलाच सापडला, दहा डेसिबल खाणारे दोन चिमुकले अ‍ॅटेन्युएटर. डॅक आणि अ‍ॅम्पच्या मधे खोचायचे. त्याने बटण आता साडेआठपर्यंत तरी जातं.

बास झाली थट्टा. तुम्ही बाजारात दोनशे रुपयांचा कलिंगड घेताना चार ठिकाणी वाजवून बघता. भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून भांडता. आणि साडेतीन लाख मोजताना तोंडातून शब्द फुटत नाही, का तर समोरचा 'सर' म्हणाला, कोल्ड कॉफी दिली, आणि आपल्याला कळत नाही हे त्याला कळलं तर? मी तसाच बसलो होतो, पाय जुळवून. एसी बंद करायला सांगा. तो करणार नाही म्हणाला तर उठा. आपले स्पीकर रिक्षात घालून न्या. तुम्ही रात्री जेवढ्या आवाजात ऐकता तेवढ्याच आवाजात अर्धा तास ऐकवायला लावा आणि त्याच्या तोंडाकडे बघू नका. आवाज कमी करताना गाणं एका बाजूला झुकतं का ते बघा. घरी दोन रात्री देत नसेल, डिपॉझिट घेऊनही देत नसेल, तर तुमच्या साडेतीन लाखांची गरज त्याला आहे, तुम्हाला त्याची नाही. हे मला तिथे सुचलं नाही, घरी जमिनीवर उकिडवं बसल्यावर सुचलं.

काल त्याच मुलाचा फोन आला होता. नवी पॉवर केबल आलीय म्हणे, चाळीस हजारांची, एकदा ऐकायला या. मी विचारलं, एसी बंद करून ऐकवशील का? तो म्हणाला, "सर, उकडेल."