नळाचा पिंगा

आमच्या लिस्बनच्या घरात किचनचा नळ ठिबकतो. याला पोर्तुगीजमध्ये म्हणतात "आ तोर्नेयरा पिंगा". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला या भाषेबद्दल एकदम मायाच वाटली, म्हणजे बघा ना, नळ बिचारा मंगळागौर असल्यासारखा रात्रभर पिंगा घालतोय, वाटलं जमेल आपल्याला. मग क्लासमध्ये कळलं की नळ नुसता ठिबकत असेल तोवरच पिंगा. "नळ ठिबकू नये अशी माझी इच्छा आहे" म्हणायचं असेल तर त्याचं पिंगे होतं. कारण इच्छा, शंका, भीती आणि 'कदाचित' यांच्यासाठी या लोकांनी क्रियापदाची वेगळी रूपं ठेवलीत, पाहुण्यांच्या कपबशा ठेवतात तशी. त्यातल्या वर्तमानकाळाचं नाव प्रेझेंत दु कोंझुंतीवू.

हे नाव फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं मग डोळ्यांना हात लावू नकोस, गुलाबपाणी घाल." मी म्हटलं आई, डोळे आले नाहीयेत, व्याकरण आलंय. ती म्हणाली तेही संसर्गजन्य असेल तर लांब राहा.

बरं, नागरिकत्वाला भाषेची ए-टू लेव्हल पुरते, तिथे ही भानगड जवळपास येतच नाही. मी स्वतःच्या पायाने तिच्या वरच्या बी-वनला गेले, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नाही.

नियम ऐकायला सोपा आहे. 'मी'चं रूप घ्या, शेवटचा ओ कापा, आणि मूळ रूपाच्या शेवटी 'आर' असलेल्या क्रियापदांना ए लावा, 'एर' आणि 'इर' वाल्यांना आ. म्हणजे रोज ज्याच्या पायात आ असतो त्याला ए घालायचा आणि ए वाल्याला आ, लग्नाच्या हॉलबाहेर चपला बदलतात तसं. बोलतो म्हणजे फाला, त्याचं फाले. खातो म्हणजे कोमे, त्याचं कोमा. रात्री साडेनऊला क्लास सुटला की मी नेमकी त्याच अवस्थेत असते.

आणि आता खरी गंमत. ज्या एका स्वरासाठी ही सगळी उलटापालट, तो शेवटचा ए लिस्बनचे लोक गिळतात! फाला निदान ऐकू तरी येतं, फाले म्हणजे आपल्या कानाला नुसतं फाल्. मी तीन आठवडे घोकून घोकून तो ए बसवला, आणि खालच्या बेकरीतल्या काकांना ठणठणीत आवाजात "फाले माइश देवागार" म्हटलं, जरा सावकाश बोला हो म्हणून, तर ते प्रसन्न हसले आणि आधीच्याच स्पीडने अख्खं वाक्य परत बोलले, तेही स्वरांशिवाय.

नियमात न बसणारी सात आहेत, आणि मला तीच जास्त आवडतात. 'जाणणे'चं होतं साइबा, जे ऐकून गोव्यातल्या कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटतं. 'देणे'चं चक्क दे. त्या दिवशी वर्गात माझं एकटीचंच उत्तर पटकन बरोबर आलं, शेजारची युक्रेनियन बाई आदराने बघायला लागली, मी काही खुलासा केला नाही.

पण डोकं फिरवतो तो विश्वासाचा भाग. "मला वाटतं तो येतो", इथे साधं रूप. "मला नाही वाटत तो येईल", की लगेच कोंझुंतीवू. म्हणजे ठामपणे वाटलं की ती जवळजवळ वस्तुस्थिती, मग भले खोटी असो. आमचा प्लंबर सोमवारी छातीठोकपणे साध्या रूपात म्हणाला, "आमान्यां वो आई", उद्या येतोच. आज आठ दिवस झाले. व्याकरण शुद्ध, माणूस गायब. मी शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, प्लंबरसाठी अपवाद नाही का? त्या म्हणाल्या असायला हवा.

मग एका रात्री नळाच्या तालावर झोप येईना म्हणून फॅमिली ग्रुप उघडला. आत्म्यास शांती लाभो. उदंड आयुष्य लाभो. लवकर बरं वाटो. अख्खा ग्रुप कोंझुंतीवूमध्ये बोलत होता! आजी तर भांडणात दुसरं काही वापरायचीच नाही, वाटोळं होवो, हात झडो. आणि आपलं 'असो', ते तर त्यांचं सेझाच की. गोव्यात दर 24 जूनला विहिरीत उड्या मारत "व्हिवा सांजांव" ओरडतात ना, त्यातलं व्हिवापण तेच. कॉलेजात असताना मीही घसा बसेपर्यंत ओरडलेय. कुणी सांगितलं असतं तर फी वाचली असती.

अंगात बळ आलं. सकाळी उठून प्लंबरला मेसेज टाकला, "ए प्रेसीझु के उ सेन्योर वेन्या", आपण येणं गरजेचं आहे. वेन्या! शुद्ध, सुरेख, स्वरासकट, लिहिलेला असल्यामुळे गिळायची सोय नाही. तीन तासांनी उत्तर आलं, "से देउश किझेर". म्हणजे देवाची इच्छा असेल तर.

किझेर कुठून आला ते माझ्या तक्त्यात कुठेच सापडेना. संध्याकाळी बाईंना मोबाईल दाखवला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे वा, हा फुतुरू दु कोंझुंतीवू! 'जर'नंतर वर्तमानाचा कोंझुंतीवू चालत नाही, इथे भविष्याचा लागतो. हे आपण ईस्टरनंतर घेणार आहोत."