विमान कंपनी बुडाली, तर तिकीट दूतावासाने काढायचं का?

नागनाथ पाराजवळच्या आमच्या कट्ट्यावर काल नाना आणि बाळ्याची चांगलीच जुंपली. विमान कंपनी रातोरात बंद पडली आणि आपली माणसं परदेशात अडकली, तर भारतीय दूतावासाने काय करायचं, यावरून.

"1990 साली कुवेतमधली 1 लाख 70 हजार माणसं अम्मानमार्गे आणली की नाही? मग दोन-चारशे प्रवासी आणायला काय होतं?" नानांनी सुरुवात केली.

"नाना, ते युद्ध होतं." बाळ्याचा तिकिटांचाच धंदा. "2020 च्या कोरोनाकाळात परदेशातून लोक आणणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेमध्येसुद्धा लोकांनी तिकिटाचे पैसे स्वतः भरले. कंपनीचं दिवाळं निघालं म्हणून सरकारने तिकीट काढून द्यावं, असा आपल्याकडे नियम नाही."

"मग दूतावास काय नुसते पासपोर्टवर शिक्के मारायला?"

इथे मला राहवलं नाही. दूतावासांकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. वकिलातीच्या सेवांवर जे जादा शुल्क घेतात, त्यातून तो जमतो. राहणं-जेवण, तातडीचे उपचार, अगदी परतीचं तिकीटही त्यातून मिळू शकतं, पण ज्याची ऐपत नाही त्याला. आखातात मालकाने वाऱ्यावर सोडलेला मजूर आणि खिशात क्रेडिट कार्ड असलेला पर्यटक, यांत पहिला हक्क मजुराचाच. हे मला पूर्ण पटतं.

पण सगळी मदत पैशाचीच नसते. मला सगळ्यात काळजी वाटते ती मधल्याच विमानतळावर अडकलेल्यांची. त्या देशाचा व्हिसा नाही, म्हणून बाहेर पडता येत नाही. एरवी हॉटेल देणारी कंपनीच उरलेली नाही, काउंटर रिकामा, आणि बीपीच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत. अशा वेळी तिथल्या इमिग्रेशनशी बोलून तात्पुरता प्रवेश मागणं, संपत आलेल्या व्हिसाची मुदत वाढवून घेणं, दुसऱ्या विमान कंपन्यांकडे सवलतीच्या जागांसाठी शब्द टाकणं, हे मुलाकडे निघालेल्या सत्तरीच्या आजी-आजोबांनी कसं करायचं? हे दूतावासाचंच काम. परदेशात आपल्या नागरिकांना मदत करणं हे वकिलातीचं काम म्हणून 1963 च्या व्हिएन्ना करारात लिहिलेलंच आहे. अशा रात्री फोन उचलला जात नसेल, तर त्याला माफी नाही.

नाना मात्र हटेनात. "इंग्लंडने 2017 मध्ये मोनार्क विमान कंपनी बुडाली तेव्हा सुमारे 85 हजार लोक परत आणले. ज्यांच्या तिकिटाला संरक्षण-निधीचा आधार नव्हता त्यांनासुद्धा. दोन वर्षांनी थॉमस कुक ही सहल कंपनी बुडाली, तेव्हा सुमारे 1 लाख 40 हजार!"

"त्यांच्याकडे सहल कंपन्या पॅकेजच्या प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड आधीच निधीत भरतात, नाना. खर्चाचा काही भाग त्यातून निघतो."

माझ्या मते गोम इथेच आहे. आपल्याकडे असा निधीच नाही. 10 एप्रिल 2019 ला ॲमस्टरडॅमला मुंबईकडे निघालेलं जेट एअरवेजचं विमान थकबाकीपोटी अडकवलं गेलं, 17 तारखेला कंपनीचं शेवटचं उड्डाण झालं, आणि कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायचा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला नोव्हेंबर 2024 उजाडलं. तिकिटाचे पैसे अडकलेला प्रवासी त्या रांगेत बँकांच्या मागे उभा. पुण्यातून दर उन्हाळ्यात किती ज्येष्ठ मंडळी ग्रुप टूरने युरोपला जातात! त्यांच्या लाखांच्या पॅकेजमध्ये दोन-अडीचशे रुपये या निधीसाठी घेतले, तर कोणी कुरकुर करणार नाही. सरकारने हे सक्तीचं करायला हवं.

"ते होईल तेव्हा होईल, आत्ता काय करू ते सांगा," वहिनी म्हणाल्या. त्यांचं पुढच्या महिन्यात फ्रँकफर्टचं बुकिंग आहे. बाळ्याने सांगितलं: पैसे क्रेडिट कार्डानेच भरा, सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचे पैसे परत, मागता येतो. प्रवास विम्यात कंपनीचं दिवाळं धरलंय का, हे लेखी विचारा, कारण बऱ्याच पॉलिसींत ते नसतं. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, आणि तिथल्या वकिलातीचा तातडीचा नंबर कागदावर लिहून घ्या.

"आणि तो नंबर लागतो का, ते निघायच्या आधी बघ," नाना म्हणाले. यावर बाळ्यानेही वाद घातला नाही.