ओलाव्याची कपात

मुंबईची मॅरेथॉन मी पूर्ण केली. मेडल कपाटात आहे, पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं आहे, तो विषय संपला. खरा दम निघाला तो मागच्या रविवारी धुळ्यात, आमच्या मामेसासऱ्यांच्या ओट्यावर.

पन्नाशीनिमित्त पूर्ण मॅरेथॉन पळायची आणि त्यावर देणग्या गोळा करायच्या, असं ठरवलं होतं. निम्मे पैसे आईच्या गावच्या वाचनालयाच्या गळक्या छपराला, निम्मे सातपुड्यात सिकलसेलच्या पेशंटसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला. वडील धडगावकडे मास्तर होते. त्यांच्या वर्गातला एक पोरगा कवायतीच्या तासाला गुडघे धरून बसायचा आणि कामचुकार म्हणून छड्या खायचा. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे ठणकतात, हे वडिलांना निवृत्तीनंतर कळलं. त्यानंतर त्या छड्यांचा विषय त्यांनी कधी सोडला नाही.

तर नाना, म्हणजे हेच मामेसासरे. कापसाचे व्यापारी. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं, "जवाईबापूंना किलोमीटरमागं शंभर!" लोकांनी वाहवा केली. वाहवा फुकट असते.

रविवारी गेलो तर आधी भरीत आणि कळण्याची भाकरी. खान्देशात जावयाच्या ताटात वाढताना कोणी हिशोब करत नाही, नको म्हटलं तर ते "आखो वाढा" असंच ऐकू जातं. हात धुतले आणि मी हळूच म्हणालो, "नाना, ते ४,२१९ रुपये ५० पैसे..."

नानांनी चष्मा लावला.

"पयनात का चालनात?"

"म्हणजे?"

नातवाने मोबाइल पुढे केला. कार्ट्याने माझा बिब नंबर टाकून निकाल काढून ठेवला होता. छातीवरच्या त्या कागदाला चिप असते, ती रस्त्यातल्या पट्ट्यांवर वेळ नोंदवत जाते. शेवटच्या टप्प्यात माझी वेळ अशी होती की त्या वेळात नानांची म्हैससुद्धा पोचली असती. पेडर रोडचा चढ आहे तिथे, सांगून पाहिलं. शर्यतीत चालणंही चालतं, हेही सांगितलं.

"चालत असेल. बोली पळायची होती. सहा किलोमीटर वजा."

मग गाडी मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरवरच्या १९५ मीटरवर आली. "४२ समजलं. हे वरचं काय?" मी सांगितलं, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि राजघराण्याच्या सज्जासमोर संपली, तेच अंतर पुढे १९२१ मध्ये कायम झालं. नाना शांतपणे म्हणाले, "मग साडेएकोणीस रुपये राजघराण्याकडून घ्या."

राहिले ३,६००. मला वाटलं सुटलो. नाना माझ्या फोटोकडे बघत होते. शेवटची रेष ओलांडतानाचा, घामाने निथळलेला.

"ओलावा भलता दिसतोय, जवाईबापू. सरकारी कापूस खरेदी करणारे सीसीआयवालेही कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात करतात, १२ च्या वर तर मालच घेत नाहीत. मी निदान घेतोय." आणि शंभर रुपये गेले.

ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो, जावयाला दुसरं करता काय येतं? पण हाच माणूस हंगामात शेतकऱ्याच्या गाडीत हात घालून याच आवाजात ओलावा सांगतो, तेव्हा ओट्यावर कोणी हसत नसणार. वर्षभर काळजी घेतलेला माल, आणि एका मुठीत त्याचे पैसे कमी. माझं काय, मी घरी जाऊन भरीत पचवणार. पण ते शंभर रुपये माझे नव्हतेच ना! ज्या पोरांना थंडीत सांधे धरून रात्र काढावी लागते त्यांचे होते, आणि लग्नात ज्या माणसाने नुसत्या फटाक्यांवर किती उडवले ते सगळ्या धुळ्याने पाहिलं, तो त्यातून कडता कापत होता. हे मी अर्थातच बोललो नाही. सौ.ने डोळे वटारले होते.

३,५०० वर सौदा पटला. रोख. लगेच नाना म्हणाले, "ऐंशी-जी ची पावती लागेल. रोखीत दोन हजारांच्या वर सूट बसत नाही म्हणतात, तर दोन हजार माझ्या नावावर, दीड हजार पोराच्या." पळण्याची रीत ज्यांना माहीत नव्हती त्यांना आयकराचं कलम तोंडपाठ होतं. संस्थेच्या माणसाला फोन करून मी दोन पावत्यांची विनंती केली. तो बिचारा म्हणाला, असे बरेच येतात.

उरलेले ७१९ रुपये ५० पैसे मी खिशातून भरले. त्याची पावती कोणी मागितली नाही.

निघताना नाना फाटकापर्यंत आले, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी दिली, वजन न करता. "पुढल्या वर्षी एकवीसच पळा," म्हणाले, "पण कोरडे या."