दोन फ्रिक्वेन्सींनी सगळं सुटत नाही

आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, जीपीएसच्या सिग्नलांवर काय परिणाम करतो यावरचा लेख आवडला, पण ‘दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर घेतला की आयनोस्फिअरचा प्रश्न मिटला’ हे विधान खटकलं. मिटतो तो फक्त विलंबाचा, म्हणजे या थरातून येताना सिग्नलला होणाऱ्या उशिराचा भाग. हा विलंब फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून दोन सिग्नलांमधल्या फरकावरून तो जवळजवळ पूर्ण काढून टाकता येतो.

सिंटिलेशनचं, म्हणजे सिग्नलच्या लुकलुकण्याचं, तसं नाही. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्ताजवळ आयनोस्फिअरच्या खालच्या बाजूने कमी घनतेचे प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) बुडबुडे वर चढतात. त्यांच्यातल्या बारीक चढउतारांमुळे लहरींचं विवर्तन होतं आणि सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो. कधीकधी तो इतका क्षीण होतो की रिसीव्हरची पकडच सुटते. मग दुसरी फ्रिक्वेन्सी काय दुरुस्त करणार? उलट जीपीएसचा एल5 सिग्नल 1176.45 मेगाहर्ट्झचा, म्हणजे 1575.42 च्या एल1 पेक्षा खालचा, त्यामुळे त्याला झळ जास्तच बसते.

हे लुकलुकणं झपाट्याने होतं, म्हणूनच ते मोजणारे खास रिसीव्हर सेकंदाला साधारण 50 वेळा सिग्नलची तीव्रता आणि फेज (लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) नोंदवतात. दर 30 सेकंदांची नेहमीची नोंद इथे पुरत नाही. तीव्रतेच्या प्रमाण विचलनाला सरासरीने भागलं की लुकलुकणं किती आहे ते सांगणारा एस4 निर्देशांक मिळतो, सहसा मिनिटाला एक. ध्रुवीय भागात मात्र मुख्यतः फेज हलते, तिथे नुसता एस4 पाहून ‘सगळं शांत’ म्हणणं धोक्याचं. शिवाय क्षितिजालगतचे उपग्रह गाळावेच लागतात, कारण जमिनीवरून वा इमारतींवरून परावर्तित झालेला सिग्नलही एस4 फुगवतो.

पुढच्या भागात फेजच्या मोजमापावर सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.