चालतीबोलती नियमपुस्तिका

आमच्या संशोधन कार्यक्रमाची नियमपुस्तिका शंभराहून जास्त पानांची आहे आणि ती अथपासून इतिपर्यंत आजवर दोघांनीच वाचली आहे. एक मी, कारण दर वर्षी ती सुधारायचं काम माझ्याच गळ्यात असतं. दुसरा एक विद्यार्थी, ज्याला मुदतवाढीच्या कलमात पळवाट शोधायची होती. ती त्याला सापडली. पुढच्या आवृत्तीत मी ती बुजवली, तर हा पठ्ठ्या स्वतः येऊन सांगून गेला, "मॅडम, आता चौथं कलम आणि सातवं कलम एकमेकांशी जुळत नाहीत." असा वाचक लाभायला नशीब लागतं.

बाकी सगळ्यांच्या लेखी नियमपुस्तिका म्हणजे मी. जिन्यात, लिफ्टमध्ये, स्वच्छतागृहाच्या दारात मला गाठून विचारतात, "मॅडम, सिनॉप्सिस द्यायची शेवटची तारीख कुठली?" विद्यार्थ्यांचं एक वेळ समजू शकते. प्राध्यापकही फोन करून विचारतात, "अहो, को-गाइडचा नियम काय आहे हो आपला?" त्या नियमाखाली सही त्यांचीच असते.

माझ्या पदाचं नाव समन्वयक. प्रवेश कुणाला द्यायचा हे निवड समिती ठरवते, पैसे लेखा विभाग सोडतो, मार्गदर्शन गाइड करतात आणि पदवी विद्यापीठ देतं. माझ्या ताब्यात एक शिक्का आणि सेमिनार हॉलची किल्ली. पण फेलोशिप रखडली, गाइड परदेशी गेले, प्रोजेक्टर बंद पडला, की सगळी बोटं एकाच दिशेला वळतात. "तुम्ही कोऑर्डिनेटर ना?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

आमच्या ऑफिसात विद्यार्थी नावाने कमी आणि विषयाने जास्त ओळखले जातात. मुंग्यावाला, गंजवाली, क्रियापदवाली, झोपवाला. (झोपवाला झोपेवर संशोधन करतो. तो स्वतः झोपलेला कुणी पाहिलेला नाही.) यात अनादर काही नाही. पाच-सहा वर्षं माणूस एकाच गोष्टीच्या मागे लागला की ती त्याच्या आडनावाच्या जागी जाऊन बसते. पण बाहेरून आलेल्या माणसाच्या कानावर "गंजवालीचे पैसे अजून का अडकलेत?" किंवा "मुंग्यावाल्याला आत पाठव" असं पडलं, की तो खुर्ची जरा मागे सरकवून बसतो.

या मुंग्यावाल्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका सुट्टीत प्रयोगशाळेतलं तापमान नियंत्रण बिघडलं आणि दोन वर्षं सांभाळलेल्या वसाहती सोमवारपर्यंत गारद झाल्या. पोरगं माझ्यासमोर येऊन नुसतं उभं राहिलं. मुदतवाढीच्या फॉर्मवर कारणांचे चार चौकोन असतात: आजारपण, प्रसूती, कौटुंबिक अडचण, इतर. त्याने 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या ओळीत लिहिलं, 'मुंग्या मेल्या.' फॉर्म वर गेला आणि आठवड्याने परत आला. शेरा होता: 'पुष्ट्यर्थ कागदपत्रे जोडावीत.' आता मुंग्यांचा मृत्यूचा दाखला आणायचा कुठून? शेवटी त्याने मृत मुंग्यांचा रंगीत फोटो काढला, मी त्यावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला आणि मुदतवाढ मंजूर झाली. माझ्या शिक्क्याचं त्याहून मोठं कर्तृत्व मला आठवत नाही.

पण खरा वनवास म्हणजे समितीची बैठक. दर विद्यार्थ्यामागे पाच जणांची समिती आणि वर्षातून किमान एकदा त्या पाचांनी एका खोलीत बसून त्याची प्रगती पाहायची. नियमपुस्तिकेत हे एका ओळीत आटोपलं आहे. मी सगळ्यांना ऑनलाइन तक्ता पाठवते, सोयीच्या वेळांवर खूण करा म्हणून. एक जण लगेच करतात. दुसरे 'मला कधीही चालेल' असं लिहून एकही खूण करत नाहीत. तिसरे गेल्या महिन्याच्या तक्त्यावर खुणा करतात. चौथे करतात, पण नेमक्या तिथेच जिथे बाकी कुणी केलेल्या नसतात. पाचवे उत्तर देत नाहीत. तारीख पक्की झाली की मग मात्र 'कधीही चालेल'वाल्यांचं पत्र तासाभरात येतं: 'नेमका त्याच दिवशी मी नाही.'

एकदा हे रडगाणं मी आमच्या संख्याशास्त्रवालीपुढे गायले. तिने माझ्याच पॅडवर हिशोब मांडला. आठवड्याचे कामाचे तास ४०. प्रत्येक सभासद निम्मा वेळ मोकळा असतो असं धरलं, तर पाचही जण एकाच तासाला मोकळे असण्याची शक्यता ३२त एक. म्हणजे आठवड्याला जेमतेम सव्वा तास. मी म्हटलं, निम्मा वेळ मोकळा असणारा प्राध्यापक मला दाखव, मी त्याचा सत्कार करते. मग तिने पाचातला एकच तास मोकळा धरला. शक्यता आली ३१२५त एक. "म्हणजे असा एक तास उगवायला साधारण ७८ आठवडे, मॅडम. दीड वर्ष. अर्थात सगळे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं गृहीत धरून."

मी म्हटलं, "तेवढं गृहीतक अगदी बरोबर आहे. त्यातले दोघं तर इतके स्वतंत्र आहेत की एक येणार म्हटलं की दुसऱ्याला त्याच वेळी काम निघतं."

"त्याला स्वातंत्र्य नाही म्हणत," ती म्हणाली. "त्याला ऋण सहसंबंध म्हणतात."

गाइड आणि विद्यार्थी यांच्यामधली टपालसेवा हे माझं आणखी एक खातं. हे कुठल्याही नियुक्तिपत्रात नसतं. विद्यार्थी प्रकरण लिहून गाइडकडे देतो. गाइड म्हणतात, "वाचून सांगतो." त्यानंतर जी शांतता पसरते ती कधी महिनाभर टिकते, कधी सत्रभर. विद्यार्थी घाबरतो, त्याला वाटतं आपलं लिखाण भिकार असणार. गाइडना वाटतं पोरगं हल्ली दिसत नाही, काम थंडावलेलं दिसतंय. दोघंही हे मला सांगतात, एकमेकांना सांगत नाहीत. प्रकरण मात्र गाइडच्या टेबलावर, त्यांनीच मागवलेल्या तीन नियतकालिकांखाली सुखाने पडून असतं. मी स्वतः पाहिलं आहे.

मग आठवणपत्रं लिहून देणं आलं. त्यांच्या पायऱ्या मी आता डोळे मिटून सांगू शकते. पहिल्या पत्राची सुरुवात 'सहज विचारतोय' अशी. दुसऱ्यात 'आपण व्यग्र असाल याची कल्पना आहे.' तिसऱ्यात 'मागचं पत्र कदाचित स्पॅममध्ये गेलं असावं.' हे वाक्य फार गुणी आहे, सगळा दोष यंत्रावर जातो आणि दोघांचीही अब्रू राहते. चौथ्या पत्रात शेवटच्या तारखेचा उल्लेख आणि प्रत समन्वयकांना. या चौथ्यावर सहसा उत्तर येतं, आणि ते असतं, 'अरे, मी तर तुझीच वाट पाहत होतो.' विद्यार्थी ते मला दाखवायला आणतो आणि विचारतो, आता काय लिहू? मी सांगते, आभार मान.

प्रबंध लिहून झाला की संकट टळलं असं नवख्यांना वाटतं. अजून मांडणी तपासायची असते. बांधणीच्या बाजूचा समास, ओळींमधलं अंतर, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून साधे आकडे. या शेवटच्या अटीने भल्याभल्यांना रडवलं आहे. आमचा दीर्घिकावाला दोन दीर्घिकांची टक्कर संगणकात घडवून आणतो, कोट्यवधी वर्षं पुढे-मागे करतो. पण वर्डमध्ये पहिल्या प्रकरणाला पान १ म्हणायला लावणं त्याला तीन दिवस जमलं नाही. 'सेक्शन ब्रेक' घातला की वरचे रोमन आकडे पळायचे, काढला की पंधराव्या पानापासून पुन्हा रोमन सुरू. रात्री अकराला त्याचा मेसेज आला, 'मॅडम, माझ्या निष्कर्षात चूक निघाली तर चालेल, पण हे नको.' माझं स्पष्ट मत आहे की संशोधन पद्धतीच्या पेपरात सेक्शन ब्रेकला एक अख्खं युनिट द्यावं. अभ्यास मंडळाला ते अजून पटलेलं नाही.

या दीर्घिकावाल्यानेच कुठूनशी माहिती खणून काढली. येल विद्यापीठाने १८६१ साली अमेरिकेतल्या पहिल्या तीन पीएच.डी. पदव्या दिल्या, त्यांतल्या एकाचा प्रबंध लॅटिनमध्ये, हाताने लिहिलेला आणि अवघ्या सहा पानांचा होता. तेव्हापासून दर बॅचमधला कुणी ना कुणी हे सहा पानांचं उदाहरण घेऊन माझ्याकडे येतो. मी म्हणते, हरकत नाही, लॅटिनमध्ये लिहून आण.

थोडक्यात सांगण्याची हौस असेल तर ती भागवायची सोयही आहे. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू केली आणि ती बघता बघता जगभर पसरली. एक स्लाइड, तीन मिनिटं, समोर विषयाची गंधवार्ता नसलेले श्रोते. आम्हीही घेतली. क्रियापदवालीने बाजी मारली. झोपवाल्याचे पहिले दोन मिनिट गाइडचे आभार मानण्यात गेले. गाइड पहिल्याच रांगेत बसले होते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

माझ्या टेबलावर टिश्यू पेपरचा डबा असतो. मागणीपत्रात तो मी 'स्टेशनरी' या सदराखाली घालते. एकदा लेखा विभागातून विचारणा आली की नोंदणीचं काम करणाऱ्या कार्यालयाला एवढे टिश्यू कशाला लागतात. मी उत्तर पाठवलं, 'नोंदणीसाठीच.' ते खोटं नव्हतं. दार लोटून आत येणारं माणूस सहसा फॉर्मबद्दलच विचारतं. रजेचा फॉर्म कुठे मिळेल, गाइड बदलता येतो का, नोंदणी रद्द केली तर फी परत मिळते का. फॉर्म समोर ठेवते, पेन देते, आणि तो भरायला कुणी घेत नाही. मग डबा थोडा पुढे सरकवायचा आणि आपण संगणकात काहीतरी शोधतोय असं दाखवायचं.

२०१८ साली २६ देशांतल्या २,२७९ संशोधक विद्यार्थ्यांची, मुख्यतः पीएच.डी. करणाऱ्यांची, पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ३९ टक्के मुलांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली, एरवीच्या लोकसंख्येत हेच प्रमाण ६ टक्के होतं. आकडे वाचून विभागाने एक समिती नेमली. समितीच्या बैठकीची तारीख ठरवायचं काम कुणाकडे आलं हे सांगायला नको.

मी समुपदेशक नाही, आणि तसा आव आणू नये एवढं मला कळतं. समुपदेशन केंद्राचा नंबर काचेखाली ठेवलेला आहे. पण नुसता नंबर दिला तर जात नाहीत, हेही कळलं आहे. म्हणून "मला त्याच बाजूला काम आहे" म्हणत मी सोबत चालत जाते. त्या बाजूला माझं काम कधीच नसतं. केंद्रातल्या बाई मला बघून आता काही विचारत नाहीत. गंजवाली तिथून परतताना एकदा म्हणाली, "मॅडम, तुम्हाला इकडे फार काम असतं हो." मी हो म्हटलं. तिने पुढच्या सत्रात दोन प्रकरणं दिली आणि नोंदणी रद्द करायचा फॉर्म कोराच मला परत आणून दिला. फॉर्म वाया घालवू नयेत, असं तीच म्हणाली.

आता व्हायवा. त्या दिवशी उमेदवाराची तयारी चोख असते, बाकी कशाचीच नसते. लॅपटॉपला प्रोजेक्टरची वायर बसत नाही. बाहेरचे परीक्षक पडद्यावर दिसतात, पण मायक्रोफोन बंद ठेवून पाच मिनिटं मनापासून प्रश्न विचारतात आणि आपण आदराने मान डोलावत राहतो. क्रियापदवालीच्या वेळी हे सगळं यथासांग झालं. तिने उत्तरं झकास दिली. मग अध्यक्ष म्हणाले, "आपण जरा बाहेर थांबा, आम्ही निर्णय घेतो."

कॉरिडॉरमध्ये ती आणि मी. पाच मिनिटं झाली. दहा झाली. तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"मॅडम, एवढा वेळ का लागतोय? तिसऱ्या प्रकरणातला तक्ता असेल का? मला वाटतंच होतं."

आत काय चाललं होतं ते मला पक्कं माहीत होतं. तिचा निकाल दोन मिनिटांत लागला असणार. पण पाच प्राध्यापक एका खोलीत, दार बंद, कुणालाही उठून जायची सोय नाही, असा तास ७८ आठवड्यांतून एकदाच उगवतो. त्या पाचांतले चौघं मुंग्यावाल्याच्याही समितीवर आहेत. म्हणून सकाळीच मी अध्यक्षांच्या फाइलमध्ये, निकालपत्राच्या खाली, एक कोरा तक्ता लावून ठेवला होता: 'उठण्यापूर्वी कृपया मुंग्यांची तारीख ठरवावी.'

दाराआडून आवाज आला, "मंगळवार? छे, मंगळवारी मी नाही."

"काय म्हणतायत?" तिने विचारलं.

"सखोल चर्चा चालू आहे," मी म्हटलं.