मळीच्या पाण्यावरच्या कमेंटला उत्तर: एका टँकरात पोटॅश किती?

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. "कारखान्याची घाण आमच्या रानात ओतायला सांगताय, ब्राझीलचं कौतुक पुरे, पंचगंगेच्या काठावर नाक न धरता उभं राहून दाखवा." चिडलात ते बरोबरच आहे, आणि एक चूक माझी पण आहे. ब्राझीलमध्ये इथेनॉल काढून उरलेलं पाणी, म्हणजे आपलं मळीचं पाणी, उसाला कसं देतात ते मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं, पण तिथली जमीन कसली ते सांगायचं राहिलं. तिथं बरीचशी लाल, खोल, निचऱ्याची जमीन, पोटॅश (पिकाला लागणारं एक मुख्य अन्नद्रव्य) मुळातच कमी. साओ पावलोत तर मातीत पोटॅश किती आहे ते बघून हिशेबानं मात्रा ठरवतात. आपलं नदीकाठचं काळं रान पाणी धरून बसतंय. शिरोळकडं मीठ फुटलेली रानं तुम्ही बघितलीच असतील, तिथं असलं क्षाराचं पाणी सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

पण "घाण" म्हणालात ते पटलं नाही. त्यात जे पोटॅश आहे ते उसानंच आपल्या रानातनं उचललेलं असतंय. तेच पाणी नदीत गेलं की त्यातला सेंद्रिय माल खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच मी पण बघितलाय (अर्थात तिथं शहरांचं सांडपाणी पण येतं, सगळं इथेनॉल काढणाऱ्या एकट्या डिस्टिलरीच्या माथी मारता येणार नाही).

आता हिशेब बघा. सुरू उसाला (डिसेंबर-फेब्रुवारीत लावलेल्या) पोटॅशची शिफारस हेक्टरी 115 किलो, म्हणजे एकरी 46. मळीपासनं इथेनॉल करताना जे दाट पाणी निघतं त्याच्या 10 हजार लिटरच्या टँकरात ढोबळमानानं शंभरेक किलो पोटॅश असतंय, म्हणजे एक टँकर दोन एकराला, ते पण भरपूर पाण्यात मिसळून. आमच्या चुलत्यांनी काय केलं, फुकट मिळतंय म्हणून वीस गुंठ्याच्या, म्हणजे अर्ध्या एकराच्या, खोडव्यात चार टँकर थेट सरीत सोडले! गरजेच्या सतरा पट. जळक्या गुळासारखा वास आठवडाभर जाईना, पाला कडेनं करपत आला, आणि खालच्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. टँकरवाल्याला कागद विचारला तर म्हणला, कसला कागद? नियमानं खरं तर डिस्टिलरीच्या बाहेर त्या पाण्याचा थेंबही जायला नको. वर असल्या रानातला गूळ खारट लागतो, ढेप नीट बसत नाही, कुठल्याही गुऱ्हाळवाल्याला विचारा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पोटॅश रानात परत यावं पण टँकरनं नको. ते पाणी आटवून बॉयलरला जाळतात, त्या राखेपासनं 14.5 टक्के पोटॅशचं खत होतं, 2021 पासनं त्याला केंद्राची सबसिडी पण आहे, नाहीतर प्रेसमडवर (रस गाळून उरलेल्या गाळावर) मारून कंपोस्ट करतात. गोणीवर आकडा छापलेला असतो, टँकरवर नसतो. आणि आपण एमओपी (नेहमीचं पोटॅश खत) सगळं परदेशातनं आणतोय, तेव्हा ही राख वाया घालवणं परवडणारं नाही.

तुमच्या माती परीक्षणाच्या रिपोर्टात ईसी (मातीतल्या क्षारांचं माप) किती आहे ते खाली टाका. एकच्या वर असेल तर टँकर फुकट असू दे नाहीतर वरून पैसे देऊ दे, बांधावरनंच परत पाठवा.